डागमास्तरांची धुतलेली खरखर

डागमास्तरांचे खरे नाव आता फक्त सरकारी पाकिटांवर उरले होते. गल्लीतले लहानथोर त्यांना डागमास्तर म्हणत आणि परगल्लीतले लोकही, "ते डागमास्तरांचं दुकान कुठं हो?" असे विचारतच येत. हातात कागदात गुंडाळलेला कोट, चेहऱ्यावर अपराधी भाव. शाईचा डाग, गंजाचा, डाळिंबाचा, ओठांच्या लालीचा. हा शेवटचा दाखवताना गिऱ्हाईक हमखास आवाज उतरवत असे. मास्तर चष्मा कपाळावर ढकलत, कपडा खिडकीशी धरत, डागाचा वास घेत आणि एवढेच विचारत, "कधीचा?" कशाचा हे त्यांनी कधीच विचारले नाही. बहुतेक वेळा ते त्यांना कळत असे, आणि नाही कळले तरी समोरच्याला उगाच खोटे बोलायला लावू नये, असे त्यांचे मत होते.

खाली लाँड्री, वर दोन खोल्यांचे घर, त्यावर गच्ची. लाँड्रीत तीन हौद, एक लांब टेबल, आणि कोपऱ्यात चादरी दाबायचे जुने विजेचे यंत्र. ते काळे, अवजड आणि सदा फुसफुसणारे असल्याने घरात त्याला म्हैस म्हणत. म्हशीचा खटका हातभर लोखंडाचा होता. तो खाली ओढला की निळी ठिणगी उडे आणि टक् असा आवाज होई. नवीन यंत्र घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिले, पण मास्तर म्हणायचे, "ती दाबते तशी चादर कुणी दाबत नाही." आणि ते खरे होते.

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या सात दोऱ्या होत्या आणि त्यांच्याही वर, लोखंडी खांबांच्या टोकांना बांधलेली एक तांब्याची तार. ती कपड्यांसाठी नव्हती. मास्तर विशीत असताना बोटीवरचा एक वायरलेसवाला दर दोन महिन्यांनी गणवेश धुवायला टाकत असे. गणवेश तयार होईपर्यंत तो बाकावर बसून गोष्टी सांगायचा. समुद्रात चारशे मैलांवरून आलेला आवाज खरखरीतून कसा निवडून काढायचा, श्वास कसा धरायचा, कुठे लक्ष द्यायचे. एकदा जाताना त्याने आपले जुने हेडफोन बाकावर ठेवले आणि म्हणाला, "तुझा कान चांगला आहे. वाया घालवू नकोस." तेव्हापासून मास्तरांनी तो वाया घालवला नाही. रेडिओच्या सेटवर लांबलांबचे अंधूक आवाज ऐकणे हा त्यांचा एकच शौक. स्वतः बोलायचा परवाना त्यांनी कधी काढला नाही. "बोलायला दुकानात गिऱ्हाईकं कमी आहेत का?"

त्यांच्या पत्नीचे दिवसातले पहिले काम म्हणजे प्रार्थना. दूध तापायला ठेवायच्या आधी, पूर्वेच्या खिडकीशी, डोळे मिटून. बाई देवाशी बोलायच्या आणि मास्तर जगाचे ऐकायचे. एकमेकांशी बोलायला दोघांना वेळ सापडे तो जेवताना, आणि तेव्हाही विषय बहुतेक करून मिठाचा असे. पण संसार गोड झाला. देवाने एक लेक दिली, ती बापाचे कान आणि आईचा हट्ट घेऊन आली.

मास्तरांच्या शौकात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे त्यांचा स्वभाव. डाग दिसला की काढायचा, मग तो कपड्यावर असो की आवाजात. दहा वर्षे खपून त्यांनी पत्र्याच्या डब्यात एक फिल्टर बनवला होता. अकरा बटणांचा. त्याला ते चाळणी म्हणत. कसल्याही घाणेरड्या रेकॉर्डिंगमधली खरखर, चरचर, टकटक चाळणीतून अशी निघे की ऐकणाऱ्याला खोलीत आपण एकटेच आहोत असे वाटावे. गावात आणखी तिघांना हाच नाद होता: निवृत्त पोस्टमन, दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि मास्तरांचा मेहुणा, जो मोटार चालवायला शिकवायची शाळा चालवत असे. तिघेही आपापली रेकॉर्डिंग मास्तरांकडे घेऊन येत, जसे लोक कोट आणत. मास्तरही तशीच धुऊन देत. त्या तिघांची त्यांच्याविरुद्ध तक्रार एकच, ती म्हणजे म्हैस. खटका ओढला की त्या ठिणगीची टक् तिघांच्याही घरी सेटमध्ये ऐकू यायची. मास्तर इतके शरमायचे की कुणीही ऐकायला बसणार असले की म्हैस बंद ठेवायचे, मग चादरींचा ढीग छताला का लागेना.

तर अशा या मास्तरांच्या घरी एका शनिवारी सकाळी साडेसातला त्यांची लेक आली ती केस न विंचरता, खांद्याला पिशवी, हातात लॅपटॉप, आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, भोपळा हरवला."

हा भोपळा म्हणजे पाण्यावर तरंगणारे पिवळे, गोल, दोन हात रुंदीचे यंत्र. लेक तलावाच्या कचेरीत कामाला होती. पाण्याचा थंडावा वरपासून तळापर्यंत कसा बदलतो, हे मोजायला ते यंत्र तिने स्वतःच्या हाताने जोडले होते आणि आठ महिने ते तलावाच्या मधोमध साखळीला बांधून तासातासाला नोंदी साठवत होते. त्या नोंदींवर तिचे दोन वर्षांचे काम उभे राहणार होते. बुधवारच्या वाऱ्यात साखळी तुटली.

"होड्या फिरवल्या?" मास्तरांनी विचारले.

"दोन दिवस. तलाव केवढा आहे माहितीये ना? आणि काठाला मैलोन् मैल लव्हाळं. आत हत्ती उभा राहिला तरी दिसायचा नाही."

"पण तो पत्ता सांगतो ना? तूच बसवलंयस."

"सांगतो. दर तीन तासांनी. आधी माझी ठरवलेली हाक, मग आपण कुठे आहोत त्याचे आकडे. पण बहुतेक उलटा झालाय. एरियल पाण्यात, तोंड चिखलात. कचेरीच्या सेटवर नुसती खरखर. आणि बॅटरी..." ती खुर्चीत बसली. "आज बाराची हाक नक्की देईल. तीनची सांगता येत नाही. त्यानंतर बंद. आणि उद्या पुन्हा वारा आहे म्हणतात. आत पाणी शिरलं की संपलं सगळं."

बाई दूध घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला लेकीच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्याला तीस वर्षांत मास्तरांना 'नाही' म्हणता आले नव्हते.

"भोपळा बोलला तर मी ऐकीन," मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

लेकीचा बेत मात्र एकट्या बापावर अवलंबून नव्हता. ती म्हणाली, "बाबा, एका कानाला नाही ऐकू येणार. चार कान हवेत. मामा, पोस्टमनकाका, डॉक्टरीणबाई आणि तुम्ही. चौघांनी नऊ वाजता एकाच वेळी रेकॉर्ड करायचं. भोपळ्याची हाक चौघांकडे तीच असणार, पण खरखर ज्याची त्याची वेगळी. चारही एकावर एक बरोबर ठेवली, की हाक हाकेवर बसून चौपट होते, आणि खरखर आपसांत भांडून मागे पडते."

मेहुणा तेवढ्यात आलाच होता. बहिणीने फोन केला की तो चहाच्या आशेने धावत येई. तो म्हणाला, "म्हणजे चार बहिऱ्यांनी मिळून एक ऐकणारा?"

"मामा!"

मास्तरांनी मात्र टेबलाखालून चार चादरी ओढल्या. एका वसतिगृहाच्या होत्या, धुऊन धुऊन विटलेल्या. मूळची फुले इतकी फिकट की चादर पांढरीच वाटावी. त्यांनी एक खिडकीशी धरली. काही दिसेना. मग चारही एकावर एक ठेवल्या, कडेला कड, फुलाला फूल जुळवून, आणि पुन्हा उजेडाशी धरल्या. निळी फुले हळूच वर आली.

"आणि आता बघा," म्हणत त्यांनी वरची चादर चार बोटे सरकवली. फुले गायब. "जुळली तर फूल. नाही जुळली तर धुकं."

"अगदी हेच!" लेक टाळी वाजवून म्हणाली. "सगळा खेळ जुळवण्याचा आहे. नुसती फुलं दिसून भागत नाही, हाक नेमकी कुठे सुरू झाली ते कळायला हवं. नाहीतर पुढचे आकडे भलत्याच जागी तुटतात, आणि आपण भोपळा शोधायला जाऊ डोंगरावर."

नऊ वाजता चार घरांत चार जण हेडफोन लावून बसले. मास्तर वरच्या खोलीत होते. खिडकीतून तांब्याची तार आत आली होती, गावातली सर्वांत उंच आणि लांब तार, त्यामुळे त्यांचा कान चौघांत तीक्ष्ण ठरणार हे उघड होते. नेमके त्याच वेळी खाली बाईंनी म्हशीचा खटका ओढला. हॉटेलच्या चादरी दहा वाजता द्यायच्या होत्या आणि नवऱ्याने 'म्हैस बंद ठेव' हे सांगायचे घाईत राहून गेले होते. टक्. मग जरा वेळाने टक्, टक्. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. पण रेकॉर्डिंग चालू असताना उठायचे नाही, हा नियम.

संपल्यावर त्यांनी लेकीला वर बोलावले नाही. आधी चाळणी काढली. अकराही बटणे एकेक करून फिरवली. टकटक काढली, चरचर काढली, मग कडेची बारीक सुसूसुद्धा काढली. तासाभराने रेकॉर्डिंग असे झाले, जणू परीटघडीची चादर. मग ते खाली उतरले.

खाली इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून लेक बसली होती. तिघांची रेकॉर्डिंग आली होती, आणि मेहुणा स्वतःही पुन्हा आला होता, पाय आपटत.

"भावोजी, ऐन नऊला म्हैस? अहो, मी हेडफोन फेकून दिले! पोस्टमन तर म्हणतो, दारावर कुणी आलं वाटून मी उठलो."

"चुकलं बाबा, चुकलं," मास्तर म्हणाले. "पण माझ्यातून सगळं काढलंय. एक टक् सापडणार नाही."

लेकीने मात्र मान वर केली ती हसत. "मामा, ओरडू नका. ती टकटक म्हणजे सोनं आहे! मी अर्धा तास डोकं धरून बसले होते, की चौघांची घड्याळं चार तऱ्हेची, जुळवू कशावरून? भोपळा तर दिसतच नाही. मग दिसली ही टक्. तिघांच्याही आवाजाच्या पट्टीवर, एकाच क्षणी पडलेली, खांबासारखी उभी. टक्ला टक् लावली, तिघांची रेकॉर्डिंग जुळली, आणि हे बघा." पडद्यावर खरखरीच्या गवतातून एक फिकट रेघ वर डोकावत होती. तीन लांब, एक आखूड, दोन लांब. "हीच माझी हाक. पुढचे आकडे अजून नाचतायत. पहिले दोन लागले, बाकीचे नाहीत. चौथं आलं की लागतील. आणा बाबा तुमचं. तुमचं सगळ्यांत चांगलं असणार."

मास्तर हातातले रेकॉर्डिंग पुढे करीनात. लेकीने ते घेतले, उघडले. पडद्यावर सरळ, गुळगुळीत पट्टी उमटली. तिने ती मोठी केली, आणखी मोठी केली.

"बाबा, यात टक् कुठाय?"

"काढली."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"त्याच्यावरच धुतलं," मास्तर म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "डाग काढल्यावर डाग जपून ठेवतं का कुणी?"

लेकीने आणखी एकदा पाहिले आणि हळूच लॅपटॉप मिटला. "हाकसुद्धा गेलीये त्यात. इतकी बारीक होती, की ती आणि खरखर एकच वाटली असेल चाळणीला."

मेहुणा आयुष्यात पहिल्यांदाच विनोद सुचूनही गप्प राहिला.

मास्तर हौदाच्या कठड्यावर बसले. सदतीस वर्षांत त्यांच्या हातून कपडा फाटला नव्हता. एक रेशमी जाकीट तेवढे आकसले होते आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी त्या गिऱ्हाइकाचे कपडे पुढे कितीतरी वर्षे फुकट धुतले होते. आज लेकीचे आठ महिने त्यांनी स्वतःच्या हाताने, मन लावून, अकरा बटणांनी धुऊन टाकले होते. आणि वर शब्द दिला होता.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, बाराला अजून पावणेदोन तास आहेत," त्या म्हणाल्या. "देवाने दुसरी वेळ दिलीये. तोंड धुवा आणि उठा."

मास्तर उठले. तोंड धुतले. मग वर जाऊन चाळणी उचलली, तिच्या तारा सोडवल्या, आणि ती खाली आणून मेहुण्याच्या हातात ठेवली. "ही तुझ्या गाडीत ठेव. कुलूप लाव. किल्ली मला देऊ नकोस, कितीही मागितली तरी."

"दारू सुटल्यावर बाटली देतात तशी देताय हो!"

"तसंच समज."

मग त्यांनी लेकीकडे तोंड वळवले. "आता सांग. म्हैस बाराला किती वाजवायची? मघाशी योगायोगाने वाजली. या वेळी मुद्दाम वाजवू. कितीही घाण कर म्हण, करतो."

लेकीचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "बाराच्या आधी एकदा आणि हाक संपल्यावर एकदा. दोन्हीकडे हव्यात, कारण तुमची यंत्रं चालता चालता केसभर पुढेमागे सरकतात."

"कळलं. चादर एकाच टोकाला टाचली तर दुसरं टोक लोंबतं. दोन्ही टोकांना टाचण्या."

"हो. पण टकटक लयीत नको. सारख्या अंतराने वाजली, तर कुठली टक् कुठल्या टक्वर बसवायची ते कळत नाही. एक घर सरकून बसली तरी दिसायला जुळल्यासारखीच दिसते. वेडीवाकडी हवी, पण दोन्ही वेळा तीच वेडीवाकडी."

इथे घोटाळा झाला. मास्तर वर बसणार, लेक लॅपटॉपवर, मेहुण्याला आपल्या घरी पळायचे होते. म्हैस वाजवायला राहिल्या बाई. आणि वेडेवाकडे, पण दोनदा तेच, हे कसे लक्षात ठेवायचे? लेकीने कागदावर लिहून दिले. बाईंनी दोनदा वाचले आणि कागद परत केला.

"मला हे जमायचं नाही गं. हात अडखळेल. माझ्या प्रार्थनेची पहिली ओळ चालेल का? तिची अक्षरं काही आखूड, काही लांब. रोज म्हणते, झोपेतून उठवलंस तरी चुकणार नाही. प्रत्येक अक्षराला एक टक्, लांब असेल तिथं थांबून."

लेकीने मनातल्या मनात ओळ म्हणून बोटांवर मोजून पाहिली. "आई, याहून चांगलं मलाही सुचलं नसतं."

"इस्त्रीवर प्रार्थना, ताई?" दारातून मेहुणा ओरडला.

"देवाला काय, कुठूनही ऐकू येतं. तू आधी घरी पोच, तुझ्या सेटला ऐकू आलं पाहिजे."

बाराला पाच मिनिटे कमी असताना मास्तर वरच्या खोलीत बसले. पोस्टमनचा निरोप आला, तयार. डॉक्टरीणबाईंनी एका रुग्णाला तोंड उघडे ठेवूनच बसवून ठेवले होते, असे नंतर कळले. मेहुणा पोचला होता. खाली बाईंनी खटक्याला हात लावून डोळे मिटले.

टक्. टक्, टक्. मग थांबून टक्. हेडफोनमध्ये प्रत्येक ठिणगी मास्तरांच्या कानशिलात लागत होती. एरवी हे ऐकून ते घरातून पळाले असते. आज ते मोजत होते. ओळ पूर्ण झाली.

मग खरखर. नुसती खरखर. कुठे तरी लांब एखादी मोटार चरचरली, कुणी तरी दिवा लावला असेल तो चिरकला. मास्तरांचा उजवा हात आपोआप टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे गेला, जिथे दहा वर्षे चाळणी होती. कोपरा रिकामा. त्यांनी हात मागे घेतला, पण दोन क्षणांत पुन्हा गेला. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली घातले आणि त्यावर घट्ट बसून राहिले. आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी खरखर नुसती ऐकली. ती एकसारखी नव्हती. तिच्यात पाण्यासारखे चढउतार होते. कुठे तरी तिच्या खाली काही आहे असे वाटे, आणि मग वाटे, की नाही. वायरलेसवाला म्हणाला होता तसा त्यांनी श्वास धरला. भोपळा कुठे तरी उलटा पडून आपले नाव-गाव सांगत होता, हे त्यांना कळत होते, ऐकू मात्र काहीच येत नव्हते. न ऐकू येणारे तसेच्या तसे सांभाळून ठेवायचे, एवढेच आज त्यांचे काम होते.

पुन्हा टक्. टक्, टक्. तीच ओळ, तशीच. अक्षरसुद्धा इकडचे तिकडे नाही.

साडेबाराला चारही रेकॉर्डिंग टेबलावर आली. मास्तरांचे सगळ्यांत घाणेरडे. लेकीने ते उघडले आणि म्हणाली, "वा! काय मळकं आहे!" मास्तरांना हे आपले कौतुक आहे, हे समजायला जरा वेळ लागला.

तिने आधीची ओळ ओळीवर बसवली, नंतरची ओळीवर. मधली पट्टी कुठे ताणली, कुठे आखडली. मग चार पट्ट्यांची एक केली. गवतातून रेघ वर आली, तीन लांब, एक आखूड, दोन लांब, आणि या वेळी तिच्यामागून आकडे एकेक करून उभे राहिले. एकही नाचत नव्हता. लेकीने नकाशावर बोट फिरवले आणि ते एका जागी थांबले.

"पूर्वेचा काठ. जुन्या विटभट्टीच्या मागचं लव्हाळं. आई! तिथून तर आम्ही दोनदा होडीने गेलो!"

बाईंनी हात जोडले. मग त्याच हातांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला. मीही येते. मी काय नुसती टक्टक् करायला आहे?"

मेहुण्याच्या शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक चालवणाऱ्याचा आणि एक शेजारच्याचा. गाडी लेक चालवत होती आणि शेजारी बसलेला मामा सवयीने प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होता, त्यामुळे गाडी भाचीची घाई आणि मामाची भीती यांच्यामधून धक्के खात तलावाकडे निघाली.

"मामा, पाय काढा!"

"मी कुठं काय केलं? गाडीलाच अक्कल आहे!"

मागे बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मास्तर मांडीवर छोटा सेट धरून बसले होते.

विटभट्टीमागे चिखल गुडघ्यापर्यंत होता. लेक पुढे, तिच्यामागे मामा, काठावर बाई चपला हातात घेऊन. लव्हाळे बाजूला सारत सारत लेक दिसेनाशी झाली. थोडा वेळ नुसता पाण्याचा पचपच आवाज. मग ती किंचाळली. एका बगळ्याने दचकून उड्डाण केले, ते पाहून मेहुणा पडला.

भोपळा उलटाच होता, त्याच्या पिवळ्या बुडावर शेवाळ आणि त्यावर एक बेडूक, जो ही जागा सोडायला मुळीच तयार नव्हता. सगळ्यांनी मिळून भोपळा काठावर ओढून आणला. लेकीने काचेच्या झाकणातून आत पाहिले, मग गाल टेकवून पाहिले. "कोरडा आहे. सगळा कोरडा. बाबा, आठच्या आठ महिने आहेत!" तिने आईला मिठी मारली, मामाला मारली, चिखलासकट. मग भोपळा बंद करायला खिशातून किल्ली काढून त्याच्या खटक्याला लावली.

"थांब," मास्तर म्हणाले. "किती वाजलेत?"

"तीनला आठ मिनिटं आहेत."

"बॅटरीत जीव आहे?"

लेकीने दिवा पाहिला. "आहे जरासा. धुगधुगी."

"मग तीन वाजू दे."

तिने बापाकडे पाहिले आणि किल्ली खिशात ठेवली. भोपळा तिने सुलटा करून, एरियल वर करून, एका सुक्या दगडावर ठेवला. चौघे त्याच्याभोवती उभे राहिले, पायांवरचा चिखल वाळत होता. मास्तरांनी छोटा सेट लावला, आवाज पुरा मोठा केला. खरखर. तलावावरून वारा येत होता.

तीन वाजले. आणि सेटमधून भोपळा इतक्या ठणठणीत आवाजात बोलला, की मेहुणा दोन पावले मागे सरला. तीन लांब. एक आखूड. दोन लांब. मास्तर आधी हसले, मग त्यांना हसू आवरेना. मग आकडे सुरू झाले, एकेक, स्वच्छ, घंटेसारखे.

"अहो, हे काय सांगतोय आता?" बाईंनी विचारले.

"आपण उभे आहोत तिथलाच पत्ता," लेक म्हणाली.

"सापडल्यावर पत्ता सांगणारा हा पहिलाच," मेहुणा म्हणाला. "बाबा रे, कळलं, कळलं, आलोय आम्ही!"

"श्श," मास्तर बोट वर करून म्हणाले. "अजून संपलं नाही."

आणि शेवटचा आकडा संपेपर्यंत सगळे गप्प उभे राहिले.